सिकलसेल वाहक मुलानं पळावं का?

सर, आधी उत्तर देते, मग कारणं सांगते. मुलाला पळू द्या. बदलायची आहे ती त्याला पळवण्याची पद्धत, आणि ती मैदानावरच्या सगळ्याच पोरांसाठी बदललीत तर फार बरं.

तुम्ही जे लिहिलंय ते थोडक्यात असं: शिरपूर तालुक्यातल्या आश्रमशाळेत तुम्ही क्रीडाशिक्षक आहात. तुमचा १७ वर्षांचा एक विद्यार्थी प्रकल्पस्तरीय स्पर्धेत १५०० मीटरला पहिला आला, पुढे त्याला पोलीस भरतीत उतरायचं आहे. शाळेतल्या तपासणीत त्याचा सिकलसेलचा रिपोर्ट ‘एएस’, म्हणजे वाहक, निघाला. मुख्याध्यापक म्हणतात, जबाबदारी नको, संघातून काढा. वडील खचलेत, पोराच्या रक्तातच खोट निघाली म्हणतात. आणि एका प्रशिक्षकानं विचारलंय की रक्तच जन्मतः वेगळं असेल तर त्यानं बाकीच्यांच्या रांगेत उभं राहणं न्यायाला धरून आहे का. मी धुळ्यात खेळाडूंची तब्येत आणि दुखापती बघते. सातपुड्याच्या पट्ट्यातून येणाऱ्या पोरांच्या बाबतीत हा प्रश्न मला सतत येतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिलं काम, तो रिपोर्ट नीट बघा. शिबिरात बहुधा सोल्युबिलिटी टेस्ट करतात. रक्ताचा थेंब द्रावणात टाकतात, ते गढूळ झालं की ‘पॉझिटिव्ह’. पण ही चाचणी वाहकातही पॉझिटिव्ह येते आणि रुग्णातही. दोन्हींत फरक करायला एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस लागतं, म्हणजे रक्तातली वेगवेगळी हिमोग्लोबिनं सुटी करून दाखवणारी चाचणी. एचपीएलसीच्या कागदावर डोंगरासारखे उंचवटे छापलेले असतात आणि बाजूला टक्के. वाहकाच्या कागदावर ‘ए’चा, म्हणजे नेहमीच्या हिमोग्लोबिनचा, आकडा मोठा असतो आणि ‘एस’चा, म्हणजे सिकलच्या हिमोग्लोबिनचा, साधारण २५ ते ४० च्या दरम्यान. ‘एस’ ‘ए’पेक्षा जास्त दिसला तर गोष्ट वेगळी, तो एसएस, म्हणजे रुग्ण, असू शकतो किंवा त्यासोबत थॅलसेमिया (हिमोग्लोबिन कमी बनण्याचा आनुवंशिक विकार) असू शकतो. मग मी पुढे लिहिलेलं त्याला लागू नाही, त्याला आधी रक्तविकाराच्या डॉक्टरांकडे न्या. वाहक मुलाचं हिमोग्लोबिन केवळ वाहक असल्यामुळे कमी होत नाही. ते ९ किंवा १० आलं तर ‘सिकलसेल आहे ना, चालायचंच’ म्हणून सोडू नका. तिथं लोहाची कमतरता, जंत, थॅलसेमिया हे शोधायचं असतं, आणि पोराचा वेळ घसरण्याचं खरं कारण बहुतेकदा तिथंच सापडतं.

वडिलांना हेही सांगा की ही खोट नाही. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसतं, एवढाच हा बदल. आईकडून एक आणि बापाकडून एक अशा दोन प्रती येतात. दोन्ही बदललेल्या असतील तर आजार, एकच असेल तर वाहक. आणि हा बदल आपल्या डोंगरी भागात टिकून राहिला त्याला कारण आहे. वाहक मुलांना फाल्सिपॅरम हा घातक मलेरिया तितका जिवावर येत नाही. ज्या जंगलात पिढ्यान्‌पिढ्या मलेरियानं पोरं गेली, तिथं या रक्तानं काही पोरं वाचवली.

आता मैदानाकडे येऊ. एरवी वाहकाच्या लाल पेशी तुमच्या-माझ्यासारख्याच गोल असतात. त्या विळ्यासारख्या वाकतात त्या चार गोष्टी एकत्र आल्यावर: प्राणवायू फार कमी होणं, आम्लता वाढणं, तापमान वाढणं आणि पेशीतलं पाणी कमी होणं. जीव तोडून पळणाऱ्या माणसाच्या मांडीत नेमक्या याच चार गोष्टी होतात. विश्रांतीत स्नायूचा पीएच (हा आकडा उतरला की आम्लता वाढली) ७ च्या आसपास असतो, मध्यम अंतराच्या जोरदार शर्यतीनंतर तो साडेसहापर्यंत उतरतो. स्नायूचं तापमान ४० अंशांच्या वर जातं. स्नायूतून परतणाऱ्या रक्तात प्राणवायू नावापुरता उरतो. अशा वेळी काही पेशी वाकतात, ताठरतात आणि अरुंद गल्लीत बैलगाडी आडवी व्हावी तशा बारीक रक्तवाहिनीत अडकतात. पुढच्या स्नायूला रक्त मिळत नाही, तो मरायला लागतो. फुटलेल्या स्नायूतून पोटॅशियम आणि मायोग्लोबिन रक्तात उतरतं. पहिल्यानं हृदयाची लय बिघडते, दुसऱ्यानं मूत्रपिंड निकामी होऊ शकतं. या प्रकाराला रॅब्डोमायोलिसिस म्हणतात.

हे भरपूर लांब पळाल्यानंच होतं असं नाही, आणि नेमकं हेच पुष्कळ शिक्षकांना माहीत नसतं. सावकाश दहा किलोमीटर पळताना स्नायूला प्राणवायू पुरेसा मिळतो. धोका असतो तो दोन-तीन मिनिटांहून जास्त वेळ संपूर्ण ताकद लावण्यात, किंवा दम न घेऊ देता एकामागून एक स्प्रिंट मारण्यात. म्हणजे ८०० मीटर, १५०० मीटर आणि भरतीतली १६०० मीटर.

धोका किती मोठा, याचं उत्तर अमेरिकी लष्कराच्या नोंदींत मिळतं. १९७७ ते १९८१ या काळातल्या भरती झालेल्या जवानांचा अभ्यास १९८७ मध्ये प्रसिद्ध झाला. कृष्णवर्णीय जवानांत प्राथमिक प्रशिक्षणादरम्यान कारण न सापडलेल्या आकस्मिक मृत्यूचं प्रमाण वाहकांत, वाहक नसलेल्यांच्या तुलनेत, सुमारे २८ पट निघालं. आकडा भीतीदायक वाटतो, पण प्रत्यक्ष मृत्यू होते वाहकांत लाखामागे सुमारे ३२. नंतर लष्करानं उन्हाळ्यात कामाचा भार कमी करणं, पाणी आणि विश्रांती सक्तीची करणं हे नियम वाहक असो वा नसो, सगळ्यांनाच लावले. २०१६ मध्ये ४७,९४४ कृष्णवर्णीय सैनिकांचा दुसरा अभ्यास आला. त्यांच्या २०११ ते २०१४ च्या नोंदींत वाहकांत मृत्यूचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त नव्हतं. स्नायू फुटण्याचा धोका मात्र दीडपट होता, १.५४. आणि त्याच अभ्यासात तंबाखू वापरणाऱ्यांचा धोकाही १.५४ निघाला. म्हणजे वाहक मुलाला संघातून काढणाऱ्या मुख्याध्यापकांनी त्याच न्यायानं गुटखा खाणारी सगळी पोरं काढायला हवीत. हे आकडे अमेरिकेतल्या लोकांचे आहेत, ते जसेच्या तसे पावरा-भिल्ल पोरांना लावू नयेत. पण रक्त तेच, स्नायू तेच, ऊन तर आपल्याकडे जास्तच. म्हणून मी काळजी तेवढीच घ्यायला सांगते.

आपल्याकडचा सगळ्यात धोक्याचा काळ मी सांगते: जूनमध्ये शाळा उघडल्यानंतरचे पहिले पंधरा दिवस. मे महिन्यात कुणी आईबापाबरोबर गुजरातेत मजुरीला गेलेला असतो, कुणी लग्नसराईत रात्र-रात्र ढोलावर नाचलेला असतो, सराव सुटलेला असतो. जळगाव-भुसावळकडचं ४५ अंशांचं कोरडं ऊन ओसरतं आणि ढग भरून दमट उकाडा सुरू होतो. घाम सुटतो पण वाळत नाही, त्यामुळे अंग थंड होत नाही. आणि नेमकं त्याच आठवड्यात आपण शिट्टी मारून म्हणतो, ‘चला, कोण किती पाण्यात आहे बघू, चार राऊंड टाईम लावून.’ ही चाचणी जुलैच्या मध्यावर घ्या. शरीराला उकाड्याची सवय व्हायला १० ते १४ दिवस लागतात, दमाचा पाया परत बसायला महिनाभर. अमेरिकेतल्या राइस विद्यापीठाचा १९ वर्षांचा फुटबॉलपटू डेल लॉइड २००६ मध्ये १०० यार्डांच्या १६ स्प्रिंट मारल्यावर कोसळला आणि दुसऱ्या दिवशी गेला. तो वाहक होता, हे त्याला माहीतच नव्हतं. त्यानंतर २०१० पासून तिथल्या वरच्या श्रेणीच्या महाविद्यालयीन खेळाडूंची तपासणी सुरू झाली.

कोसळणारं पोर कसं दिसतं ते लक्षात ठेवा, कारण ते नाटक करतंय असंच वाटतं. तिसऱ्या राऊंडला ते मागं पडतं. पावलं जड होतात, पाय ओढत येतं, आणि मग धाडकन न पडता हळूहळू खाली बसतं. ‘सर, पायात जीवच नाही’ म्हणतं. शुद्धीवर असतं, नीट बोलतं. पोटरी दाबून बघा. पेटका आला असेल तर पोटरी दगडासारखी कडक लागते आणि पोरगं ओरडतं. इथं मात्र स्नायू हाताला मऊ, नेहमीसारखा लागतो, आणि दुखण्यापेक्षा अशक्तपणाची तक्रार जास्त असते. उष्माघात बहुधा बराच वेळ पळाल्यावर होतो, अंग भट्टीसारखं तापतं, पोरगं असंबद्ध बडबडतं. हा प्रकार पहिल्या अर्ध्या तासातच होतो. या घडीला ‘उठ, शेवटचा राऊंड आहे’ हे शब्द जीव घेऊ शकतात.

मग काय करायचं? पळणं तिथंच बंद. सावलीत आडवं करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला, १०८ ला फोन लावा. रुग्णवाहिकेत मास्कनं मिनिटाला १५ लिटर प्राणवायू द्यायला सांगा. दवाखान्यात पोहोचल्यावर पहिलं वाक्य हे बोला: ‘हा सिकलसेल वाहक आहे, पळताना कोसळला, पोटॅशियम, क्रिएटिनिन आणि सीके तपासा.’ क्रिएटिनिनवरून मूत्रपिंडाचं काम कळतं, सीकेवरून स्नायू किती फुटला ते. लघवी कोलासारखी तांबडी-काळी झाली तर तेही सांगा. आणि वाटेत कुणाकडून कमरेत दुखण्याचं इंजेक्शन मारून घेऊ नका. डायक्लोफेनॅकसारखी औषधं आधीच संकटात असलेल्या मूत्रपिंडावर आणखी भार टाकतात.

आता सरावाबद्दल. पहिले चार ते सहा आठवडे त्याला बोलता येईल अशा वेगानं पळू द्या, अंतर हळूहळू वाढवा. मग २०० आणि ३०० मीटरचे तुकडे द्या, पण प्रत्येकामागे तीन-चार मिनिटं चालत विश्रांती, आणि पुढचा तुकडा कधी सुरू करायचा हे त्याला ठरवू द्या. १००० मीटरचे तुकडे शेवटी, शर्यतीच्या वेगानं, त्याहून जोरात नाही. १५०० मीटरच्या शर्यतीतली ८० टक्क्यांच्या आसपास ऊर्जा प्राणवायूवरच तयार होते, त्यामुळे हा सावकाश बांधलेला पाया त्याला सुरक्षित ठेवतो आणि वेळही कमी करतो. शिक्षा म्हणून राऊंड मारायला लावणं कायमचं बंद करा, सगळ्यांसाठीच. ताप, जुलाब किंवा रात्रभर जागरण झालं असेल त्या दिवशी सुट्टी. दमा असेल तर तो आधी आटोक्यात आणा.

पाण्याबद्दल एक बारीक गोष्ट आहे. खेळाडूंना आपण सांगतो की लघवी पिवळी झाली म्हणजे पाणी कमी पडलं. वाहकांपैकी बऱ्याच जणांची मूत्रपिंडं लघवी घट्ट करू शकत नाहीत, त्यामुळे अंगातलं पाणी कमी झालं तरी लघवी फिकीच दिसते. त्यांच्या बाबतीत हा निकष फसवतो. त्यापेक्षा सरावाआधी आणि नंतर वजन करा, शाळेतला साधा काटा चालेल. एक किलो घटलं म्हणजे साधारण एक लिटर पाणी गेलं. ते लिंबू, मीठ, साखर घालून दोन-तीन तासांत भरून काढा. पहाटे साडेपाचला रिकाम्या पोटी मैदानात उभं करू नका, गूळ-शेंगदाणे तरी पोटात हवेत. आणि जेवणासाठी महागडी पावडर नको. आपली कळण्याची भाकरी, म्हणजे ज्वारीत सालासकट उडीद दळलेली, ही खेळाडूचीच भाकरी आहे. प्रथिनांच्या घटकांपैकी धान्यात लायसिन कमी असतं, डाळीत मेथिओनिन कमी असतं, दोन्ही एकत्र आली की प्रथिनांची उणीव भरून निघते. सोबत तुरीचं वरण, जमेल तेव्हा अंडी.

भरतीच्या आदल्या दिवशी सलाईन लावून घेण्याची जी प्रथा पोरांत पसरलीय, तिच्यापासून त्याला लांब ठेवा. पाणी तोंडानं पिता येणाऱ्या निरोगी मुलाला सलाईनचा फायदा नाही. शिवाय जागतिक उत्तेजकविरोधी नियमांत दवाखान्यातल्या खऱ्या उपचारांशिवाय १२ तासांत १०० मिलिलिटरपेक्षा जास्त सलाईन घेणं निषिद्ध आहे. तो राज्य-राष्ट्रीय स्पर्धांना जाणार असेल तर हे आत्ताच कळलेलं बरं. कोसळल्यावर दवाखान्यात लावलेलं सलाईन आणि मास्कनं दिलेला प्राणवायू या नियमात गुन्हा ठरत नाहीत, तेव्हा उपचार घ्यायला कुणी कचरू नये.

आता न्यायाचा प्रश्न. त्या प्रशिक्षकांना फिनलंडच्या एरो मेंटिरान्टाची गोष्ट सांगा. बर्फावरच्या लांब पल्ल्याच्या स्कीइंगमध्ये त्यानं १९६० आणि १९६४ च्या ऑलिंपिकमध्ये मिळून तीन सुवर्णपदकं जिंकली. त्याच्या रक्तात लाल पेशी इतक्या जास्त होत्या की लोकांना संशय यायचा. १९९० च्या दशकात त्याच्या घराण्याची तपासणी झाली तेव्हा कळलं की एरिथ्रोपोएटिन या संप्रेरकाला प्रतिसाद देणाऱ्या जनुकात जन्मजात बदल होता. तेच एरिथ्रोपोएटिन इंजेक्शननं घेतलं तर बंदी येते. जन्मानं आलं तर पदक कुणी काढून घेत नाही. उत्तेजकविरोधी नियम माणूस काय घेऊन जन्माला आला यावर बोट ठेवत नाही, तो काय लपवून घेतो यावर ठेवतो. वय चोरून चौदा वर्षांखालच्या गटात १७ वर्षांचा मुलगा उतरवणं हा खरा अन्याय आहे, आणि तो आपल्या जिल्हास्तरीय स्पर्धांत राजरोस चालतो. मनगटाच्या एक्स-रेवरून हाडांचं वय काढता येतं, त्याचा आग्रह धरायला हवा.

वाहक असण्यानं ना फुकटचा फायदा मिळतो ना पदक हातातून जातं. पश्चिम आफ्रिकेतल्या कोत दिव्वार या देशाच्या मैदानी खेळांतल्या विजेत्यांच्या नोंदी तपासल्या तेव्हा धावण्याच्या छोट्या शर्यती, उड्या आणि फेकीच्या प्रकारांत वाहक विजेते सापडले. अमेरिकी हवाई दलाच्या अकादमीनं वाहकांना प्रवेशच नाकारला होता, ते धोरण १९८१ मध्ये मागं घ्यावं लागलं. रायन क्लार्क हा वाहक असलेला अमेरिकी फुटबॉलपटू २००७ मध्ये डेन्व्हरला, समुद्रसपाटीपासून १६०० मीटर उंचीवरच्या विरळ हवेत खेळला आणि त्याच्या प्लीहेचा रक्तपुरवठा तुटला. प्लीहा काढावी लागली. तरी तो परत आला, पुढच्या हंगामात त्याच्या संघानं सुपर बोल, म्हणजे तिथला अंतिम विजेतेपदाचा सामना, जिंकला. २०१२ मध्ये पुन्हा डेन्व्हरला सामना आला तेव्हा प्रशिक्षकानं त्याला त्या एका सामन्यापुरतं बाहेर बसवलं. खेळातून काढलं नाही. मला न्याय असाच दिसतो. धोका ज्या दिवशी, ज्या जागी आहे तिथं अडवायचं, आयुष्यभरासाठी शिक्का मारायचा नाही.

याच्या उलट बाजूचा एक अन्याय मला जास्त छळतो. ‘आदिवासी पोरं जन्मतःच काटक, त्यांना काय होतंय’ हे वाक्य. हे बोलणाऱ्याला आपण कौतुक करतोय असं वाटतं, आणि त्या कौतुकापोटी पोरांना पाणी, जेवण, बूट, विश्रांती यातलं काहीच मिळत नाही. शेजारच्या नाशिक जिल्ह्यातल्या कविता राऊतनं २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरला कांस्य मिळवलं ते वर्षानुवर्षांच्या शिस्तीच्या सरावावर. ते ‘रक्तात होतं’ म्हणणं म्हणजे तिचे कष्ट पुसणं.

रिपोर्ट वर्गात वाचून दाखवू नका. तो मुलगा, आईवडील, तुम्ही आणि स्पर्धेला जाणारे संघ व्यवस्थापक, एवढ्यांना माहीत असणं पुरेसं आहे. गावात बातमी फिरली की पुढे सोयरिकीच्या वेळी त्रास होतो. त्याला स्वतःला मात्र सगळं समजावून सांगा. उद्या लग्न करताना बायकोही वाहक असेल तर प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता चारात एक असते, हे त्याला कळायलाच हवं.

पोलीस भरतीत ५० पैकी २० गुण १६०० मीटरला असतात, त्यामुळे ती त्याची खास तयारीची शर्यत समजा. तिथं रांगेत तासन्‌तास उन्हात उभं राहावं लागतं. सोबत पाणी, टोपी, खायला काहीतरी हवं, आणि पळण्याआधी हळूहळू पंधरा-वीस मिनिटं अंग मोकळं करायला हवं. सुरुवातीचा राऊंड जोशात न मारता चारही राऊंड सारख्या वेगानं काढायला शिकवा. तोरणमाळला सराव शिबिर असेल तर बेधडक पाठवा, ती उंची अकराशे मीटरच्या आसपास आहे, पहिले दोन-तीन दिवस सौम्य सराव ठेवला की झालं. लष्करात गेला आणि लडाखची पोस्टिंग आली तर मात्र वैद्यकीय अधिकाऱ्याला आधी सांगायचं.

शेवटी तुम्ही ओझरतं लिहिलंय की त्याची नववीतली बहीणही ८०० मीटर पळते. आईबापांपैकी एकजण वाहक असेल तर ती वाहक असण्याची शक्यता निम्मी, दोघंही असतील तर तिला आजारही असू शकतो. तिची एचपीएलसी या महिन्यातच करून घ्या, सोबत हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (त्यावरून अंगातला लोहाचा साठा कळतो). पाळी नियमित येते का हे शाळेतल्या एखाद्या बाईंना विचारायला सांगा. भावाचा मूळ रिपोर्टही घेऊन या, फोटो नको, आकडे पुसट येतात. या तपासण्यांना उपाशी राहावं लागत नाही, तेव्हा दोघांनाही घरून जेवूनच आणा.